उडत्याला काडीचा आधार

बुडत्याला काडीचा आधार ही म्हण आपण धीर द्यायला कमी आणि टोमणा मारायला जास्त वापरतो. काडीनं कुणी कधी तरतं का, असा तिच्यातला सूर. पण एक होडी अशी आहे की ती खरोखर काडीच्या जिवावर चालते. बुडण्याची चिंता तिला दुय्यम. तिची काडी असते ती प्रमाणाबाहेर उडू नये म्हणून.

होडीचं नाव मॉथ, म्हणजे पतंग. दिव्यावर झेपावणारा तो. लांबी ११ फूट, मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ३३५५. माणूस एकच, शीड एकच, सुमारे ८ चौरस मीटरचं. दोन्ही बाजूंना बसायला ताणलेल्या कापडाचे विंग असतात, ते धरून रुंदी २२५० मिलिमीटरच्या आत. सांगाडा कार्बन फायबरचा. डोलकाठी, शीड, सुकाणू सगळं धरून वजन ३० किलोच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या एका पोत्यापेक्षाही हलकं. या होडीच्या पोटाखाली पाण्यात दोन छोटे आडवे पंख असतात, एक मधल्या उभ्या पात्याच्या तळाशी आणि दुसरा सुकाणूच्या तळाशी. उलट्या टी अक्षरासारखे. वेग आला की हे पंख होडीला पाण्याबाहेर हाताभर उचलतात आणि मग ती तशीच, पाण्याला न शिवता धावते. बारा-पंधरा नॉटच्या वाऱ्यात वीस नॉटच्या वर. चांगल्या हाती ३० नॉटही ओलांडते, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. आणि तेही इंजिनाशिवाय.

हे कुठल्या मोठ्या कारखान्यात घडलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात इन्व्हरलॉक गावी लेन मॉरिस यांनी १९२८ मध्ये स्वतःसाठी ११ फुटांची एक चपटी होडी बांधली, तिचं नाव ‘ऑलिव्ह’. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटीत जोएल व्हॅन सँट यांनी जवळजवळ तेवढीच होडी बांधली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पुढे हे दोन प्रवाह एकत्र आले आणि एक विलक्षण सैल नियमावली तयार झाली. लांबी, रुंदी आणि शिडाचं क्षेत्रफळ एवढं पाळा. वजनाला खालची मर्यादा नाही, सांगाड्याच्या आकाराला साचा नाही. एक अट मात्र होती: होडी एकाच सांगाड्याची हवी, दोन-तीन सांगाडे जोडलेली चालणार नाही. हीच अट पुढे गंमत करणार होती.

सैल नियमाचा परिणाम असा की होड्या अरुंद होत गेल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगाडा पाण्याच्या रेषेवर जेमतेम फूटभर रुंद उरला. उभी ठेवली तर आपण होऊन आडवी व्हायची. आपल्या कोकणात अरुंद होडीला उलांडी बांधतात, एका बाजूला लाकडाचा ओंडका, म्हणजे ती कलंडत नाही. मॉथवाल्यांनी ती सोय स्वतःला नाकारली. उलांडीचं काम स्वतःच्या शरीरावर घेतलं. हे वेड वाटेल, पण उडणं आलं तेव्हा हेच लोक तयार होते. तोल हा त्यांच्या अंगवळणी पडलेला विषय होता आणि अरुंद सांगाडा पाण्यातून सुटायला सोपा होता.

पाण्यातून सुटायचं कशासाठी, तर ११ फुटांची होडी पाणी बाजूला सारत चालली की तिला स्वतःच्याच लाटेत अडकावं लागतं. पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा: साधारण साडेचार नॉट येतात. हलकी, सपाट बुडाची होडी लाटेवर चढून घसरायला लागते आणि ही मर्यादा ओलांडते, पण घर्षण पिच्छा सोडत नाही. सांगाडाच उचलून घेतला तर पाण्यात उरतात दोन पातळ पाय, म्हणजे ती उभी पाती, आणि दोन छोटे पंख.

उचलणं मात्र अवघड नाही. हे लोकांना पटत नाही, म्हणून गणित मांडून दाखवावं लागतं. होडी ३० किलो, माणूस ७५ किलो, मिळून १०५. पाणी हवेपेक्षा आठशेपट जड, त्यामुळे पंख लहान पुरतो. दोन्ही पंख मिळून ०.१७ चौरस मीटर धरा, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाहूनही कमी. वेग ९ नॉट झाला की एवढ्या पंखांवर १०५ किलो आरामात उचलले जातात. इटलीत एन्रिको फोर्लानिनींनी १९०६ मध्येच माज्जोरे सरोवरावर पंखांची बोट पाण्याबाहेर काढली होती आणि टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांच्या एचडी-४ नं १९१९ मध्ये ताशी ११४ किलोमीटर गाठले होते. तेव्हा उचल हा जुनाच सुटलेला प्रश्न.

खरा पेच त्यानंतर सुरू होतो. पंखाची उचल वेगाच्या वर्गानं वाढते. नऊ नॉटला जो पंख १०५ किलो उचलतो, तोच त्याच कोनात वीस नॉटला पाचशे किलोंच्या वर उचलू पाहतो. होडी वर, आणखी वर, मग पंखच पाण्याबाहेर. पंख पाण्याबाहेर आला की उचल शून्य, आणि होडी नाक खाली करून पडते. म्हणजे उडणाऱ्या होडीचं सगळं कौशल्य उचल कमी करण्यात आहे. तीही दर क्षणाला, लाट बघून, वाऱ्याची झुळूक बघून, योग्य तेवढीच. शीड, सुकाणू आणि स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या एकट्या माणसाला हे हातानं जमणं अशक्य.

यावर जुना उपाय होता तिरक्या पंखांचा. पंख असे तिरके बसवायचे की त्यांचा काही भाग पाण्यात, काही बाहेर. होडी वर गेली की पाण्यातला भाग कमी होतो, उचल आपोआप घटते. हलता भाग एकही नाही. ऑस्ट्रेलियाच्या ब्रेट बर्व्हिल यांनी नव्या शतकाच्या तोंडावर मॉथला असे पंख लावून जागतिक स्पर्धेतल्या दोन शर्यती जिंकल्या. लगेच वाद उभा राहिला. मॉथ होड्यांच्या संघटनेनं ठरवलं की पाण्याचा पृष्ठभाग छेदणारे असे पंख म्हणजे अनेक सांगाड्यांचीच होडी झाली, आणि ती नियमात बसत नाही. बंदी.

त्या बंदीबद्दल बरंच वाईट बोललं गेलं. पण मला ती या कथेतली सर्वांत भाग्याची घटना वाटते. तिरक्या पंखाला तोटे होते: पृष्ठभागाशी फवारा उडतो, रोध वाढतो, पात्याच्या कडेनं हवा खाली ओढली जाते. बंदी आली नसती तर पुढची दहा वर्षं लोक तेच पंख घासूनपुसून सुधारत बसले असते. दार बंद झालं म्हणून पंख मध्यरेषेवर आणि पूर्ण पाण्याखाली न्यावे लागले. सिडनीत इयन वॉर्ड यांनी दाखवलं की केवळ मध्यरेषेवरच्या पंखांवरही तोल राहू शकतो. त्याआधी बहुतेकांचं मत होतं की असं करणं म्हणजे एका चाकाच्या सायकलवर उभं राहणं. मग पर्थच्या गार्थ आणि जॉन इलेट या भावांनी उंची राखण्याचा प्रश्न सोडवला, तो काडीनं. त्यांच्या फास्टाक्राफ्ट या छोट्या कारखान्यातून विकत मिळणारी पहिली उडती मॉथ बाहेर पडली. पाणी चाचपणारा बाहू तसा नवा नव्हता. इंग्लंडच्या ख्रिस्तोफर हुक यांनी १९४० च्या दशकात मोटरबोटींसाठी तो वापरला होता. पण एवढ्या हलक्या शिडाच्या होडीत तो बसवणं वेगळं.

काडीचं काम असं. होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, साधारण मीटरभर लांबीची फायबरची काडी बिजागरीवर लोंबते. तिचं टोक पाण्यात ओढलं जातं. होडी खाली असली की पाणी काडीला मागे ढकलतं. होडी वर चढली की काडी खाली लोंबू लागते, कारण एक लवचिक दोरी तिला सतत पुढे खेचत असते. काडीच्या वरच्या टोकाला बेलक्रँक, म्हणजे ओढ्याची दिशा वळवणारा कोनी तुकडा, त्याला जोडलेली दांडी डेकमधून मागे येते, मधल्या पात्याच्या माथ्यावर दुसरा क्रँक, तिथून पात्याच्या आतून दुसरी दांडी खाली, आणि तिच्या शेवटी मुख्य पंखाची मागची झडप. पंखाच्या रुंदीचा मागचा तीसेक टक्के भाग म्हणजे ही झडप. काडी मागे गेली की झडप खाली, उचल जास्त. काडी लोंबली की झडप वर, उचल कमी. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. फ्लशच्या टाकीतला तरंगता गोळा जे करतो तेच, फक्त सेकंदाला दहा मीटर वेगानं आणि लाटांवर.

सांगायला दोन ओळी, जुळवायला दोन महिने. नव्या माणसाचा बराचसा वेळ पाण्यावर न जाता किनाऱ्यावर होडी आडवी टाकून काडी हलवण्यात जातो, आणि जायलाच हवा. काडी पूर्ण मागे, होडीच्या बुडाला समांतर न्या: झडप पुरती खाली उतरली पाहिजे. काडी सरळ खाली सोडा: झडप पंखाच्या रेषेच्या किंचित वर गेली पाहिजे. या दोन टोकांच्या मध्ये काडी बोटानं हळू हलवत झडपेकडे बघा. काडी हलते आणि झडप हलत नाही असा मुका टप्पा कुठे आहे का? असतोच. प्रत्येक पिन आणि भोक यांच्यात थोडी थोडी ढिलाई असते आणि पाच-सहा सांध्यांची मिळून ती एक मिलिमीटर सहज होते. झडपेची शिंगी, म्हणजे दांडी जिला जोडतात तो आखूड दांडा, दोन सेंटिमीटरची असेल तर एक मिलिमीटर म्हणजे झडपेचे जवळजवळ तीन अंश. आणि वीस नॉटला सगळं वजन पेलायला पंख दीडेक अंश कलण्याएवढीच उचल लागते. म्हणजे ढिलाई कामापेक्षा मोठी! अशी होडी डॉल्फिनसारखी वरखाली उसळ्या घेते. चालवणारा बिचारा स्वतःच्या बसण्याला दोष देत राहतो. पिन बदला, भोकात नवी बुश बसवा. अर्ध्याअधिक तक्रारी इथेच मिटतात.

लवचिक दोरीची गोष्ट याहून फसवी. ती सैल असेल तर वेगात पाण्याचा ओढा काडीला मागेच दाबून धरतो. होडी उंच गेलेली असते, पण काडी सांगत राहते की आपण खालीच आहोत. झडप खाली राहते, होडी आणखी चढते, पंख बाहेर येतो, आपटी. दोरी फार ताणली तर उलटं: कमी वेगात पाण्याला काडी मागे ढकलता येत नाही, झडप उतरत नाही आणि शेजारची होडी उडून गेली तरी आपली पाण्याला चिकटलेली. ऊन आणि मीठ यांनी ही दोरी काही आठवड्यांत मरगळते. किमतीनं होडीतली सर्वांत स्वस्त वस्तू, आणि बदलायची सर्वांत जास्त लोक विसरतात तीच. तिसरा संशयित म्हणजे झडपेची बिजागरी. ती लवचिक कापडाची आणि सीलंटची असते. फटीत भरलेलं सीलंट कडक झालं, की दोरी कितीही चांगली असो, झडप आळसावते.

काडीची लांबी म्हणजे उडण्याची उंची. सपाट पाण्यात वाऱ्याच्या विरुद्ध चढताना लांब काडी: होडी उंच, पाण्यातला पाय कमी, बाहेर झुकलेल्या माणसाला तरफ जास्त. वाऱ्याबरोबर लाटांतून उतरताना आखूड, म्हणजे लाटेच्या खळग्यात पंख उघडा पडत नाही. मागच्या पंखाला झडप-काडीचा व्याप नाही, त्याचा कलच बदलता येतो आणि तो सुकाणूच्या लांब दांडीची मूठ पिळून. मागे उचल वाढवली की नाक खाली, कमी केली की नाक वर. उड्डाणाच्या वेळी नाक वर, जोराच्या वाऱ्यात, वाऱ्याबरोबर जाताना नाक खाली. पिळाचे आकडे प्रत्येक जण आपापल्या होडीसाठी पाठ करतो.

पाण्यात उतरणं हाही एक सोहळाच आहे. पाय मीटरभर खोल, त्यामुळे होडी किनाऱ्यावर उभी करता येत नाही. आडवी ठेवून पंख खालून सरकवायचे, पिना लावायच्या, मग होडी आडवीच उचलून छातीभर पाण्यात न्यायची आणि तिथे उभी करायची. वारा सात-आठ नॉट हवा. वारा काटकोनात घ्यायचा. होडी सपाट ठेवायची, शीड ओढून एक-दोन जोरकस हिसके द्यायचे. पाण्याचा आवाज वाढत जातो, मग एकदम बंद होतो. इथे नवखा हमखास चुकतो. रोध निम्म्याहून कमी झाल्यानं वेग झपकन वाढतो आणि जाणवणारा वारा समोर सरकतो, सायकल जोरात मारली की वारा समोरूनच लागतो तसा. शीड त्याच क्षणी आणखी आत ओढायला हवं. नवखा आश्चर्यात असतो, शीड फडफडतं, होडी परत खाली. वाऱ्याबरोबर जातानाही या होड्यांची शिडं आत ताणलेली दिसतात, ती यामुळेच.

आणि मग ते कलणं. सगळ्या जुन्या होड्या वाऱ्यानं पलीकडे कलतात. माणूस अलीकडे बसून त्या सरळ करतो. मॉथ उडताना उलट, वाऱ्याच्याच अंगाला दहा-वीस अंश कलंडवून चालवतात, वळणावर मोटरसायकल आत झुकवावी तशी. रोहन व्हील या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं ही ढब इतकी रुळवली की तिला त्याचंच नाव पडलं. यात दिखाऊपणा काही नाही. पंखाची उचल पंखाशी काटकोनात असते. होडी वाऱ्याकडे कलली की त्या उचलीचा एक वाटा वारा येतो त्या अंगाला ओढतो आणि शिडाचा बाजूचा धक्का परस्पर फेडतो. उभ्या पात्यावरचा भार कमी. शिडाचं थोडं बळही वर उचलायच्या कामी येतं. माणसाचं वजन पंखापासून आणखी दूर जातं, तरफ वाढते. एका कलण्यात तीन फायदे. चुकून दुसऱ्या बाजूला कलली तर तिन्ही हिशेब उलटे फिरतात आणि सावरायला सेकंदही मिळत नाही.

पडणं म्हणजे काय, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. पंखाचं टोक बाहेर आलं किंवा पात्याच्या कमी दाबाच्या अंगानं हवा खाली ओढली गेली की पंखावर पाण्याऐवजी हवा वाहते. उचल तत्क्षणी जाते. होडी थांबते, माणूस थांबत नाही; तो त्याच वेगानं पुढे, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांच्या दिशेनं फेकला जातो. म्हणून हेल्मेट, छातीला जाड जॅकेट, आणि पंखांच्या धारदार कडा लक्षात घेता पोटऱ्या झाकणारा पोशाख. पंखाच्या पुढच्या कडेला नखाएवढा टवका उडाला तरी जास्त वेगात तिथूनच बिघाड सुरू होतो. इपॉक्सी भरून, ४०० पासून ८०० पर्यंतचा पाणकागद घासून तो बुजवल्याशिवाय परत पाण्यात जाऊ नये. समुद्री गवत किंवा प्लॅस्टिकची पिशवी पंखाला अडकली की दुसरा इलाज नाही: थांबायचं, होडी आडवी करायची, हातानं काढायची. मुंबई बंदराच्या पाण्यात हा खेळ रुजेल का, या प्रश्नाचं माझं उत्तर याच पिशवीत आहे. त्यात ओहोटीचा चिखल आणि मीटरभर खोल पाय यांचं जमायचं नाही ते वेगळंच.

पर्थ-सिडनीतलं हे खटाटोपाचं काम जगानं मान्य करायला फार काळ घेतला नाही. व्हील २००३ च्या जागतिक स्पर्धेत पंखांवर तिसरा आला आणि २००५ मध्ये मेलबर्नला जिंकला. त्यानंतर पंखांविना कुणी जिंकण्याचा प्रश्नच उरला नाही. अँड्र्यू मॅकडूगल यांनी आधी ब्लेडरायडर, मग माक टू अशा तयार होड्या आणल्या आणि घरच्या शेडमधला हा उद्योग विकत मिळू लागला. त्याबरोबर खर्चही आकाशाला भिडला, हे खरं. मॅकडूगल यांनीच पुढे वॉस्प ही सर्वांना सारखी, त्यामानानं स्वस्त आणि दणकट होडी काढली. शुद्ध मॉथवाले तिला थोडं नाक मुरडतात. ते मुरडू देत. ज्याला उडायला शिकायचं आहे त्यानं दोऱ्या-पिनांच्या संसारात वर्ष घालवण्यापेक्षा वॉस्पवर पन्नास आपट्या खाव्यात.

मॉथचे विजेते पुढे कुठे गेले ते बघण्यासारखं आहे. नेथन आउटरिज, पीटर बर्लिंग, टॉम स्लिंग्जबी, पॉल गुडिसन: सगळे मॉथचे जागतिक विजेते, सगळे अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या मानाच्या चषकाच्या बोटींवर. २०२१ मध्ये ऑकलंडला त्या चषकाची शर्यत एकाच सांगाड्याच्या, ७५ फुटी, बुडाखालच्या वजनदार कण्याला, म्हणजे कीलला, फाटा दिलेल्या उडत्या बोटींवर झाली आणि न्यूझीलंडच्या विजयी बोटीच्या सुकाणूवर बर्लिंग होता. त्या बोटींवर अभियंत्यांची फौज असते, कोट्यवधींचा खर्च असतो. आपोआप उंची राखणारी यंत्रणा मात्र तिथे नियमानं चालत नाही. म्हणून खलाशांपैकी एक जण शर्यतभर झडपांची बटणं हाताशी घेऊन बसतो, डोळे पाण्यावर आणि पडद्यावर, आणि बोट वर चढली की खाली, खाली गेली की वर. काडीचं काम.